मिलिंदाचा प्रश्न

गेल्या दिवाळीच्या सुटीत माझा एक जुना विद्यार्थी मुकुंदवाडीला आमच्या घरी आला. मुलगा हुशार; विद्यापीठात एम. ए. करतो. फराळाची ताटली पुढे ठेवली, तरी हात चकलीकडे जाईना. शेवटी म्हणाला, "सर, एका अर्जात 'स्वतःविषयी दहा ओळी लिहा' असा रकाना होता. नाव, गाव लिहिले आणि पुढे काही सुचेचना."

मला हसू आले, पण ते लगेच ओसरले. या मुलाला निबंध मीच शिकवले होते. गाय, नदी, पावसाळा, आवडता पुढारी. सारे घोटून घेतले. 'तुला काय वाटते रे?' असे मात्र एकदाही विचारल्याचे स्मरेना.

मी त्याला गोष्ट सांगितली, ती तो शिकतो त्या डोंगरपायथ्याचीच.

1948 च्या सप्टेंबरात निजामी राजवट संपली, तेव्हा मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ नव्हते. ते यायला 1958 साल उजाडले. त्याआधी आठ वर्षे, 1950 साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय काढले. पुढे त्याचे नाव झाले मिलिंद, आणि परिसराचे नागसेनवन.

मिलिंद म्हणजे इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातला ग्रीक राजा मिनँडर. पाली ग्रंथ सांगतो की, त्याच्या प्रश्नांपुढे भल्याभल्यांची बोलती बंद होई. तो भिक्षू नागसेनाला भेटला आणि त्याने पहिल्याप्रथम नाव विचारले. नागसेन म्हणाला, नाव ही नुसती हाक मारायची खूण. तिच्यामागे वेगळा असा कोणी सापडत नाही. राजा चक्रावला. मग केस म्हणजे नागसेन का? नखे? दात? नागसेनाने उलट विचारले, महाराज, आपण रथातून आलात. मग चाक म्हणजे रथ का? आस? दांडी? राजाला मान्य करावे लागले की, सारे भाग जुळले म्हणजे त्याला रथ म्हणतात. हरला, पण रागावला नाही. आणखी विचारीत राहिला. शोधणाऱ्या या राजाचे नाव बाबासाहेबांनी महाविद्यालयाला दिले.

आता तिथे आलेला मुलगा डोळ्यांपुढे आणा. परभणी-जालन्याकडून मीटरगेज गाडीने, या मुकुंदवाडीच्या शिवारातून तो शहरात उतरे. तू कोण, हे गावाने त्याला जन्मतःच सांगून टाकलेले. वसतिगृहात प्रथमच त्याला स्वतःची खाट मिळाली, दिवा मिळाला, आणि कोणी कामाला न पिटाळणारी संध्याकाळ मिळाली. एरिक एरिक्सन हा मानसशास्त्रज्ञ म्हणतो की, तरुणाला स्वतःची ओळख घडवायला समाजाने थोडी उसंत द्यावी लागते. नागसेनवनाने ती दिली.

दुसरी गोष्ट, आपल्यासारख्याच दुसऱ्याची कहाणी. प्राचार्य म. भि. चिटणीसांनी 'युगयात्रा' नाटक लिहिले; त्यात अस्पृश्यतेचा युगानुयुगांचा प्रवास होता. विद्यार्थ्यांनीच ते रंगभूमीवर उभे केले. जे दुःख आपलेच वैगुण्य म्हणून माणूस लपवतो, ते मंचावर आले की कळते, हे माझ्या एकट्याचे नाही, याला इतिहास आहे. लाज तिथे सैल होते. आणि लाज सैल झाल्यावाचून स्वतःकडे नीट पाहता येत नाही.

तिसरी, आपली भाषा. मिलिंदमध्ये मराठी शिकवणाऱ्या प्रा. गंगाधर पानतावण्यांनी 1960 च्या दशकाच्या अखेरीस त्रैमासिक चालवायला घेतले. नाव 'अस्मितादर्श', म्हणजे अस्मितेचा आरसा. नव्या लिहित्या हातांना त्यात जागा मिळाली.

मुलाने मध्येच अडवले. "सर, नाव ही नुसती खूण, तर मग विद्यापीठाच्या नावासाठी एवढे का झाले?"

प्रश्न खरा होता. 1978 साली विधिमंडळाने ठराव केला. गावोगाव दलितांची घरे जळली, माणसे मारली गेली. आणि 14 जानेवारी 1994 ला नामविस्तार झाला. सोळा वर्षे! मी म्हणालो, "नाव सोडून द्यायलाही आधी ते हातात असावे लागते. ज्याला शतकानुशतके शिवीनेच हाक मारली, त्याला आपले नाव आपण ठेवणे ही पहिली पायरी. नागसेनाचा जिना तिथून पुढे चढायचा."

तो गप्प झाला. मग हळूच म्हणाला, "सर, तुम्ही लिहिल्यात कधी स्वतःविषयी दहा ओळी?"

मी कादंबऱ्या लिहितो. मॅट्रिकपुढे शिकता आले नाही, ही खंत माझ्या प्रत्येक नायकाच्या तोंडी आहे. माझ्या नावावर ती मी कधी घेतली नव्हती. मी 'नाही' म्हणालो.

तो गेल्यावर, अंगणातली पणती विझण्याआधी, मी वही उघडली. त्या रात्री तीन ओळी झाल्या. सुटी संपल्यावर वर्गात गेलो आणि गाय-नदी बाजूला ठेवून फळ्यावर लिहिले : 'मला कशाची भीती वाटते?' मुले बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली. मग मागच्या बाकावरच्या एकाने विचारले, "सर, खरे लिहायचे?"