पुढच्या चाकांचा रोख

चार चाकांची गाडी सरळ नेणें सोपें; वळविणें अवघड. बैलगाडीला हा प्रश्न कधीं पडलाच नाहीं. तिला दोनच चाकें, आणि बैल वळले कीं गाडी वळली. चार चाकांच्या गाडीला मात्र शतकानुशतकें एकच तोड माहीत होती: पुढचा सबंध आंस मधल्या खिळीभोंवतीं फिरवावयाचा. मुंबईची व्हिक्टोरिया याच रीतीनें वळे. यांत खोट अशी कीं, आंस तिरपा झाला म्हणजे गाडीचा पाया अरुंद होतो, आणि वेगांत तीव्र वळण घेतांच ती कलंडण्याचें भय असतें.

म्यूनिक शहरीं गेऑर्ग लांकेनश्पेर्गर या गाड्या बांधणाऱ्या कारागिरानें १८१६-१७ च्या सुमारास निराळा उपाय काढला. आंस जागच्या जागीं ठेवून दोन्ही चाकें आपापल्या उभ्या खिळीवर वळवावयाचीं आणि एका आडव्या दांडीनें एकमेकांस जोडावयाचीं. १८१८ सालीं इंग्लंडांत त्याचें पेटंट घेतलें तें लंडनमधील त्याचा प्रतिनिधि रुडॉल्फ आकरमन यानें. हा मूळचा जर्मन गृहस्थ पुस्तकें व चित्रें छापून विकीत असे. परंतु या रचनेला आजहि नांव आहे तें त्याचेंच, कारागिराचें नाहीं! पुढें १८७८ सालीं शार्ल झांतो या फ्रेंच कारागिरानें तिला नेमका नियम लावून दिला. चाकें वळविणाऱ्या दोन भुजा मागें वाढविल्या असें मानलें, तर त्यांच्या रेषा मागच्या आंसाच्या मध्याशीं मिळाव्यात. म्हणजे वळणांत आंतलें चाक बाहेरच्याहून हवें तेवढें अधिक वळतें.

या सोयीबरोबर एक पीडाहि जन्मास आली. एकाच आंसावर पक्कीं बसलेलीं चाकें आपसांत फटकून वागणें शक्य नव्हतें. आतां त्यांचें एकमत त्या दांडीच्या लांबीवर अवलंबून राहिलें.

ही पीडा पुरेपूर भोगलेलें वाहन म्हणजे जीप. तिचा पहिला नमुना अमेरिकेंतील बँटम कंपनीनें सप्टेंबर १९४० मध्यें सैन्याच्या हवालीं केला. १९४१ पासून विलीज आणि मग फोर्ड या कंपन्यांनीं युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक जीपा बांधल्या. पाटे-स्प्रिंगांवर बसविलेला अखंड पुढचा आंस, त्यांतूनच चाकांना मिळणारी शक्ति, आणि वाट म्हणाल तर दगडगोटे, चिखल व चाकोऱ्या. या जीपेंत एक दांडी नसून दोन होत्या. आंसाच्या मध्याजवळ बेलक्रँक नांवाची डोलती भुजा असे आणि तिच्यापासून डाव्या व उजव्या चाकाकडे एकेक टाय-रॉड जाई. जितके सांधे अधिक, तितकी झीज अधिक.

जीपेचीं पुढचीं चाकें तंतोतंत समांतर ठेवीत नसत. त्यांचीं माथीं सुमारें दीड अंश बाहेर कललेलीं असत. एखादें कललेलें नाणें फरशीवर घरंगळत सोडलें, तर तें ज्या बाजूस कललें असेल त्याच बाजूस वळतें. चाकांचेंहि तसेंच, दोन्ही चाकें बाहेर पळूं पाहतात. म्हणून त्यांचीं तोंडें किंचित् आंत वळवितात, पायांचीं बोटें आंत करून चालणाऱ्या माणसासारखीं. यालाच टो-इन म्हणतात. विलीज जीपेला तें ३/६४ ते ३/३२ इंच सांगितलें होतें, म्हणजे जेमतेम एक ते अडीच मिलिमीटर.

एवढ्याशा अंतराचें महत्त्व काय, असें श्रोत्यांस वाटेल. जीपेचें टायर सुमारें २८ इंच व्यासाचें. टो-इन अर्धा इंच झालें, तर प्रत्येक चाक पाव इंचानें तिरपें. म्हणजे एका मैलांत तें जवळजवळ ४७ फूट आडवें घासत जाणार. आणि हें रबर कोणत्या काळांतलें? १९४२ च्या आरंभीं मलाया व सिंगापूर जपानच्या हातीं पडलीं आणि दोस्तांचा रबराचा मुख्य पुरवठा तुटला. अमेरिकेंत त्याच जानेवारींत टायरांवर नियंत्रण आलें, आणि वर्षअखेर रबर वांचविण्याकरितां मोटारींना ताशीं ३५ मैलांची मर्यादा घालण्यांत आली. घरीं नागरिकांनीं रबर जपावें आणि आघाडीवर टाय-रॉडचा एक ढिला पट्टा तें घासून टाकी! 'आर्मी मोटर्स' या सैनिकी मासिकानें विल आइस्नरच्या हास्यचित्रांतून जवानांना वाहनांची निगा शिकविली ती उगीच नव्हे.

दुरुस्तीस महागडें यंत्र लागत नसे. प्रथम चाकांचे बेअरिंग, किंगपिन व दांड्यांचे सांधे हलवून पाहावयाचे. ते सैल असतील तर पुढचें सारें मोजमाप व्यर्थ. मग सपाट जमिनीवर सुकाणूचक्र मध्यावर आणून डावें पुढचें चाक मागच्या चाकाच्या रेषेंत आणावयाचें आणि उजव्या टाय-रॉडनें टो-इन साधावयाचें. टायरांच्या मध्यावर खडूनें खुणा करून आंसाच्या उंचीवर पुढचें अंतर मोजीत. गाडी ढकलून चाकांना अर्धा फेरा देत आणि त्याच खुणांमधलें अंतर मागच्या बाजूस घेत. पुढचें अंतर तेवढ्या अंशानें कमी हवें. दांडीच्या एका टोंकाला उजवे व दुसऱ्याला डावे आटे असल्यामुळें पट्टे सैल करून ती पिळली कीं लांबी बदले. चाकाचा बाहेरचा कल मात्र आंसांतच घडविलेला. तो बिघडला तर आंस वांकला असें समजावें. तेथें पाना चालत नाहीं.

युद्धानंतर मुंबईंत महिंद्र अँड महिंद्र कंपनीनें विलीजच्या जीपा जुळविण्याचें काम हातीं घेतलें, आणि अखंड आंसाची ही घडण भारतांत कित्येक दशकें टिकली. जुनी जीप बाळगणाऱ्याकडे मिस्त्री आला म्हणजे तो आधीं टायरावरून तळहात फिरवितो. नक्षीच्या कडा एका दिशेनें गुळगुळीत व उलट दिशेनें करवतीसारख्या लागल्या, तर तो खडू मागतो.