धाव, रबर आणि परभणीचा उन्हाळा

१/ मे महिन्यात परभणीचा पारा ४४-४५ अंशांवर जातो. अशा दुपारी डांबरी रस्ता हवेहूनही अधिक तापतो. त्याचा पृष्ठभाग ६० अंशांच्या घरात पोहोचतो. त्या रस्त्यापासून हातभर उंचीवर, मोटारीचे चाक आणि सांगाडा यांना जोडणाऱ्या आर्मच्या टोकाशी, मुठीत मावेल एवढा एक बुश बसलेला असतो. पूर्वी तो रबराचा असे. आता हौशी चालक तेथे पॉलियुरेथेनचा बुश बसवतात. ‘उन्हाळ्यात तो टिकतो का?’ हा प्रश्न मात्र मोटारीहून जुना आहे.

२/ या प्रश्नाशी पहिली गाठ पडली ती गावच्या सुताराची आणि लोहाराची. बैलगाडीच्या चाकात तुंबा, आरे आणि लाकडी घेर असे, आणि त्यावर लोखंडी धाव. धाव घेरापेक्षा किंचित लहान घडवीत, गोवऱ्यांच्या आगीत लाल करीत आणि तापलेली असतानाच चाकावर चढवून वर पाणी ओतीत. थंड होताना ती आक्रसे आणि सारे चाक आवळून धरी.

३/ यामागचे गणित सोपे आहे. लोखंड दर अंशाला आपल्या लांबीच्या लाखात सुमारे १.२ भागाने वाढते. सव्वा मीटर व्यासाच्या चाकाची धाव ४०० अंशांनी तापली, तर तिचा परीघ जवळजवळ दोन सेंटिमीटर वाढतो. लोहाराला आकडा ठाऊक नसेल; अंदाज मात्र अचूक होता. उष्णता हे त्याचे हत्यार होते.

४/ तीच उष्णता पुढे वैरीण होई. उन्हाळ्यात लाकूड सुकून आक्रसे, धाव सैल पडे आणि आरे खुळखुळू लागत. मग चाके पाण्यात भिजवून फुगवावी लागत. तुंबा आणि आस यांच्यामध्ये वंगण घालणे तर नित्याचेच होते. कोरडी आस आधी कुरकुरे, मग झिजे. वंगण संपल्याची वर्दी कानाला मिळे, ही जुन्या गाडीवानाची शिकवण लक्षात ठेवावी. शेवटी ती उपयोगी पडते.

५/ दूर अमेरिकेत १८३० च्या दशकात रबराची मोठी हौस उसळली. कोट, बूट, टपालाच्या पिशव्या, सारे रबराचे. पण उन्हाळा आला की माल चिकट होऊन ओघळे आणि हिवाळ्यात कडक होऊन तडके. कारखाने बुडाले. चार्ल्स गुडइयर याने १८३९ मध्ये गंधक मिसळलेले रबर तापवून पाहिले आणि ते वितळण्याऐवजी चिवट झाले. रबराच्या लांब साखळ्यांमध्ये गंधकाने पूल बांधले होते. उष्णतेने बिघडणारा पदार्थ उष्णतेनेच सुधारला. १८४४ मध्ये त्याला अमेरिकेत पेटंट मिळाले.

६/ परभणी त्या काळी हैदराबाद संस्थानात होती. संस्थानाच्या रेल्वे खात्याने १९३२ मध्ये २७ गाड्यांनिशी सरकारी बससेवा सुरू केली. त्या पिढीच्या मोटारींचा भार पट्ट्यांच्या स्प्रिंगांवर असे. स्प्रिंगेच्या टोकाशी धातूची पिन धातूच्या बुशात फिरे आणि तेथे ग्रीस भरावे लागे. आस गेली, पिन आली. वंगण तसेच राहिले.

७/ रबरी बुशाने ही कटकट संपवली. दोन धातूच्या नळ्यांमध्ये रबर घट्ट बसवायचे. आर्म हलला की रबर घसरत नाही, ते आतल्या आत पिळले जाते. घर्षण नाही, म्हणून ग्रीस नाही. अँबेसेडरच्या पुढच्या चाकांच्या सांध्यांना ठरावीक मुदतीने ग्रीस द्यावे लागे. १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० च्या पिढीने ती सवयच मोडली. रबराने खड्ड्याचा धक्का आणि रस्त्याचा आवाज दोन्ही गिळले.

८/ पण रबर म्हातारे होते. उष्णता, प्राणवायू आणि ओझोन त्याला हळूहळू कडक करतात, मग भेगा पडतात. सैल बुशामुळे ब्रेक लावताना चाकाचा कोन किंचित बदलतो, गाडी एका बाजूला ओढते आणि वळणावर स्टिअरिंग उशिरा उत्तर देते. रस्त्यावर हा क्षणभराचा उशीर जिवावर बेतू शकतो.

९/ पर्याय आला तो जर्मनीतून. ऑटो बायर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये लेव्हरकुसेन येथे पॉलियुरेथेनचे रसायन शोधले. या पदार्थाच्या साखळीत कठीण आणि मऊ असे भाग आळीपाळीने असतात. कठीण भाग आकार राखतात, मऊ भाग लवचिकता देतात. तेल, ओझोन आणि घासणे हे तो रबरापेक्षा चांगले सोसतो. म्हणून शर्यतीच्या गाड्यांत आणि पुढे हौशी चालकांच्या गाड्यांत त्याचे बुश आले. चाकाचा कोन ढळत नाही. वळणावर गाडी सांगितल्याबरोबर ऐकते.

१०/ मग परभणीच्या उन्हाचे काय? तापमान वाढले की कठीण भागांना बांधणारे दुवे सैल होतात आणि बुश थोडा मऊ पडतो. पण चांगल्या दर्जाचे पॉलियुरेथेन ८० अंशांच्या आसपासपर्यंत सतत काम करू शकते. त्यामुळे ४५ अंशांच्या हवेने हाताळणीत पडणारा फरक अल्प असतो. दुपारी गाडी वेगळी वाटली, तर आधी टायरमधील हवा तपासावी. तापल्यावर तिचा दाब वाढतो आणि त्याचा परिणाम अधिक जाणवतो. एग्झॉस्टच्या नळीला लागून असलेल्या बुशाची गोष्ट मात्र निराळी.

११/ खरा धोका दुसरीकडे आहे. पॉलियुरेथेन पोलादापेक्षा सुमारे दहापट अधिक प्रसरण पावते. तापलेला बुश कोंदणात फुगतो आणि आतली नळी आवळतो. बहुतेक पॉलियुरेथेन बुश रबरासारखे पिळले जात नाहीत. ते नळीभोवती फिरतात. म्हणजे घर्षण परत आले, आणि त्याबरोबर ग्रीसही. काळ्या मातीची धूळ आत शिरली, ग्रीस सुकले, की बुश करकरतो, अडखळतो आणि झिजतो. पावसाळ्यातील उष्ण दमटपणा पॉलिएस्टर जातीच्या पॉलियुरेथेनला आतून पोखरतो. पॉलिईथर जात त्याला अधिक चांगली तोंड देते.

१२/ नव्या पदार्थाने उन्हाळ्याला जिंकले असे म्हणता येत नाही. त्याने उन्हाळ्याशी नवा करार केला. धाव उष्णतेने घट्ट बसली, रबर उष्णतेने चिवट झाले, आणि पॉलियुरेथेन उष्णता सोसते, पण बदल्यात वंगण मागते. शेदीडशे वर्षांच्या शोधांनंतर चालक पुन्हा गाडीवानाच्या जागी आला आहे: सांधा कुरकुरला की थांबायचे, ऐकायचे आणि वंगण घालायचे.