उन्हाळ्यात कुत्र्यासह उज्जैनचा प्रवास : घ्यावयाची काळजी

मे महिन्याची सुटी लागली की गोव्यातील अनेक कुटुंबे देवदर्शनासाठी उत्तरेकडे निघतात आणि त्यांपैकी बऱ्याच जणांच्या वाटेवर उज्जैन असते. महाकालेश्वराच्या आजच्या मंदिराची उभारणी अठराव्या शतकात राणोजी शिंदे यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर (शेणवी) यांनी केली, त्यामुळे या क्षेत्राविषयी गोमंतकीयांना आपलेपणाही वाटतो. अलीकडे अशा प्रवासात घरचा कुत्राही बरोबर असतो. त्याला सांभाळायला मागे कोणी नसते, किंवा त्याला सोडून जाणे मुलांना मानवत नाही. शिवाय उज्जैन ही काळभैरवाची नगरी आणि कुत्रा हे भैरवाचे वाहन, तेव्हा त्याला नेण्यात वावगे वाटण्याचे कारण नाही. अडचण आहे ती हवामानाची. गोव्याच्या उन्हाळ्यात कुत्रा सांभाळण्याची जी सवय आपल्याला असते, ती माळव्याच्या उन्हाळ्यात अपुरी पडते.

दोन ठिकाणचा उष्मा वेगळा

गोव्यात मे महिन्यात पारा साधारण ३३-३४ अंश सेल्सिअसच्या आसपास असतो, पण हवेत दमटपणा फार असतो. उज्जैन कर्कवृत्ताच्या अगदी लगत, समुद्रापासून दूर, पठारावर वसलेले आहे. तेथे मे महिन्यात दुपारचे तापमान ४० अंशांच्या वर जाते, हवा कोरडी असते आणि ‘लू’ म्हणून ओळखला जाणारा तापलेला वारा वाहतो.

हा फरक कुत्र्याच्या दृष्टीने महत्त्वाचा का, हे समजून घेतले पाहिजे. निरोगी कुत्र्याच्या शरीराचे तापमान ३८.३ ते ३९.२ अंश असते. माणसाप्रमाणे त्याला अंगभर घाम येत नाही; घामाच्या उपयुक्त ग्रंथी जवळजवळ केवळ पंजांच्या तळव्यांत असतात. त्यामुळे उष्णता बाहेर टाकण्याचे त्याच्याकडे दोन मार्ग उरतात. भोवतालची हवा शरीरापेक्षा थंड असेल तर अंगातील उष्णता हवेत जाते. दुसरा मार्ग म्हणजे जीभ बाहेर काढून धापा टाकणे. धापा टाकताना जीभ, तोंड व नाक यांतील ओलावा वाफ होऊन जातो आणि ती वाफ उष्णता घेऊन जाते.

उज्जैनच्या ४२ अंशांच्या दुपारी पहिला मार्ग बंद होतो. इतकेच नव्हे, तर उलटा चालू लागतो, कारण शरीरापेक्षा हवाच अधिक तापलेली असते आणि कुत्रा सावलीत बसला तरी तिच्यापासून उष्णता घेत राहतो. उरते ती केवळ धाप. कोरड्या हवेत ती चांगले काम करते, पण त्यासाठी शरीरातील पाणी झपाट्याने खर्च होते. गोव्यात दमटपणामुळे वाफ होण्याची क्रिया मंदावते, तर माळव्यात पाणी संपल्यामुळे ती थांबते. म्हणून माळव्यात कुत्र्याचा जीव पाण्यावर आणि वेळेच्या निवडीवर अवलंबून असतो. पुढील सर्व सूचना याच दोन गोष्टींभोवती आहेत.

निघण्यापूर्वी

सर्वप्रथम कुत्र्याला न्यावे की नाही, हे ठरवावे. पग, बुलडॉग, फ्रेंच बुलडॉग, शिह त्झू, बॉक्सर यांसारख्या चपट्या तोंडाच्या जातींचा श्वासमार्ग अरुंद असल्याने त्यांना पुरेशी धाप टाकता येत नाही. अशा कुत्र्यांना मे महिन्यात माळव्यात नेऊ नये. वृद्ध, स्थूल, हृदयविकार असलेले कुत्रे, लहान पिल्ले आणि गाभण कुत्री यांच्याबाबतही हाच निर्णय योग्य ठरतो. त्यांची सोय नातेवाइकांकडे किंवा विश्वासू निवासगृहात करावी.

ज्यांना न्यायचे आहे त्यांची पशुवैद्याकडून तपासणी करून आरोग्य प्रमाणपत्र घ्यावे. रेबीजची लस मुदतीत आहे ना, हे पाहावे. गोवा सरकारने २०२१ मध्ये राज्य रेबीजमुक्त जाहीर केले असले, तरी राज्याबाहेर पडताच हा धोका पुन्हा उभा राहतो. गोचीड प्रतिबंधक औषध देऊन ठेवावे. हस्की, जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रीव्हर अशा दाट केसांच्या कुत्र्यांचे केस वस्तऱ्याने साफ काढू नयेत. तो थर उन्हापासून कातडीचे रक्षणही करतो. मोकळे झालेले केस विंचरून काढणे पुरेसे आहे.

बरोबर घ्यावयाच्या वस्तू थोड्याच असतात : रुंद तोंडाचे भांडे, सुती पंचे, खिडक्यांना लावायचे पडदे, बॅटरीवर चालणारा लहान पंखा, गुदद्वारात लावायचा डिजिटल तापमापक आणि भरपूर पाणी. सामान्य हवेत कुत्र्याला दर किलो वजनामागे दिवसाला ५० ते ६० मिलिलिटर पाणी लागते. म्हणजे २० किलोच्या कुत्र्याला साधारण १ ते १.२ लिटर. या प्रवासात त्याच्या दुप्पट पिण्यासाठी आणि अंग भिजवण्यासाठी निराळे पाणी ठेवावे.

रस्त्याने जाताना

पणजीहून बेळगाव, पुणे, नाशिक, धुळे, सेंधवा, इंदूर या मार्गाने उज्जैन अकराशे किलोमीटरहून अधिक आहे. बेळगाव ते सातारा हा टप्पा मे महिन्यातही तुलनेने सुसह्य असतो. खरी परीक्षा धुळ्यापासून सुरू होते. खानदेश, सातपुड्याचा बिजासन घाट आणि खलघाट येथील नर्मदेचे खोरे हा संपूर्ण पट्टा दुपारी भट्टीसारखा तापतो. त्यामुळे मुक्काम नाशिकच्या आसपास करून पहाटे तीन-चारला निघावे, म्हणजे ऊन चढण्याच्या आत नर्मदा ओलांडता येते. सकाळी अकरा ते सायंकाळी पाच या वेळेत कुत्र्याला उघड्यावर ठेवावे लागेल, असे वेळापत्रकच आखू नये.

गाडीतील वातानुकूलन पुढच्या आसनांवर गार वाटते म्हणून मागेही तितकेच गार असेल, असे नाही. कुत्रा जेथे बसतो तेथे हात ठेवून पाहावे. सामानाच्या जागेत त्याला बसवू नये. त्याचे तोंड जाळीने किंवा पट्ट्याने आवळून बांधू नये, कारण तोंड बंद झाले की धाप बंद होते. खिडकीतून डोके बाहेर काढू देणेही या हवेत हानिकारक आहे. खाणे निघण्यापूर्वी तीन-चार तास आणि हलके द्यावे.

पाणी पाजण्याच्या अंतराबाबत आपल्याकडे नियमच आहे. प्राणी वाहतूक नियम, १९७८ नुसार कुत्र्याला प्रवासात उन्हाळ्यात दर चार तासांनी आणि हिवाळ्यात दर सहा तासांनी पुरेसे पाणी दिले पाहिजे. ही कमाल मर्यादा समजावी. माळव्याच्या उन्हात दर दोन तासांनी थांबून थोडे थोडे पाणी देणे हिताचे. थांबल्यावर डांबरावर हाताची पाठ सात सेकंद टेकवून पाहावी. आपल्याला सोसवत नसेल तर त्याच्या तळव्यांनाही सोसवणार नाही. अशा वेळी त्याला माती किंवा गवतावर उतरवावे. क्षिप्रेच्या घाटांवरील दगडी पायऱ्यांनाही हेच लागू आहे. सूर्योदयापूर्वी त्या गार असतात, पण दुपारी त्यांवर कुत्र्याला चालवणे क्रौर्य होईल.

रेल्वेने जाताना

रेल्वेच्या नियमानुसार वातानुकूलित प्रथम वर्गात संपूर्ण कूपे किंवा केबिन आपल्या नावे आरक्षित असेल, तरच मोठा कुत्रा सोबत ठेवता येतो. त्याची नोंदणी पार्सल कार्यालयात करावी लागते. द्वितीय व तृतीय वातानुकूलित, शयनयान आणि चेअर कार या वर्गांत परवानगी नाही. दुसरी सोय म्हणजे गार्डच्या डब्यातील श्वानपेटी. ही पेटी अरुंद असते, तेथे वातानुकूलन नसते आणि खाण्यापिण्याची जबाबदारी मालकावरच असते. गाडी थोडा वेळच थांबत असल्याने प्रत्येक स्थानकावर डब्यापर्यंत पोहोचता येईलच असे नाही. मे महिन्यातील लांबच्या प्रवासासाठी ही सोय वापरू नये.

दर्शनाची वेळ आणि उभी गाडी

उज्जैनमध्ये सर्वांत मोठा धोका रस्त्यावर नसून वाहनतळावर असतो. मंदिरात कुत्रा नेता येत नाही. मग ‘पाच मिनिटांत दर्शन करून येतो’ म्हणून त्याला गाडीत ठेवले जाते आणि रांग दोन तासांची निघते. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीचे आतील तापमान पहिल्या दहा मिनिटांत सुमारे १० अंशांनी आणि अर्ध्या तासात सुमारे १९ अंशांनी वाढते. म्हणजे बाहेर ४० अंश असतील, तर अर्ध्या तासात आत ५९ अंशांच्या आसपास. काचा दोन बोटे खाली ठेवल्याने यात फारसा फरक पडत नाही. सावलीही सरकत जाते. इंजिन व वातानुकूलन चालू ठेवून जाणेही भरवशाचे नाही, कारण इंजिन बंद पडले तर ते कोणाला कळत नाही. कुत्र्याला अनावश्यक यातना होतील अशा रीतीने ठेवणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० अन्वये गुन्हाही आहे.

यावर उपाय साधे आहेत. कुटुंबाने दोन गट करावेत. एक गट दर्शनाला गेला की दुसऱ्याने कुत्र्यासह निवासात थांबावे. कुत्र्याला प्रवेश देणारे वातानुकूलित निवासस्थान आधीच फोन करून निश्चित करावे आणि तेथे वीज गेल्यास पर्यायी सोय आहे का, हे विचारावे. महाकालेश्वराची भस्मारती पहाटे असते आणि तिची नोंदणी अगोदर करावी लागते. त्या वेळी हवा गार असल्याने निवासात कुत्र्याजवळ थांबणाऱ्यालाही सोयीचे जाते. माळव्याच्या रात्री त्यांच्या गारव्यासाठी प्रसिद्ध आहेत, तेव्हा कुत्र्याचे फिरणे पहाटे आणि रात्री उशिराच ठेवावे.

सिंहस्थाच्या काळात मात्र कुत्र्याला नेऊच नये. २०१६ चा सिंहस्थ २२ एप्रिल ते २१ मे या ऐन उन्हाळ्यात झाला. पुढचा २०२८ मध्ये आहे. त्या दिवसांत खासगी वाहने शहराबाहेर थांबवली जातात आणि पुढे गर्दीतून तापल्या रस्त्यावर पायीच जावे लागते.

उष्माघात झाल्यास

धाप अतिशय वेगाने व आवाजासह चालणे, चिकट लाळ गळणे, हिरड्या गडद लाल होणे, ओकारी, झोकांड्या खाणे आणि हाकेला प्रतिसाद न देणे ही लक्षणे ओळखावीत. तापमान ४०.५ अंशांच्या वर गेले, तर विलंब करू नये. आकडी येणे किंवा कोसळणे ही पुढची अवस्था आहे.

अशा वेळी आधी थंड करावे आणि मग दवाखान्यात न्यावे. सावलीत आणून साध्या नळाच्या पाण्याने त्याचे संपूर्ण अंग, विशेषतः पोट, जांघा व पंजे भिजवत राहावे आणि पंख्याने जोरात वारा घालावा. माळव्याची कोरडी हवा येथे उपयोगी पडते, कारण ओल्या अंगावरचे पाणी लगेच उडून उष्णता घेऊन जाते. ओला पंचा अंगावर लपेटून ठेवू नये, कारण तो थोड्याच वेळात गरम होतो आणि उष्णता कोंडतो. शुद्धीवर असेल तर थोडे थोडे पाणी स्वतः पिऊ द्यावे. घशात ओतू नये. पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन कदापि देऊ नये. ही औषधे कुत्र्याला विषारी ठरू शकतात आणि उष्माघातावर ती उपयोगाचीही नाहीत. तापमान ३९.५ अंशांपर्यंत उतरले की भिजवणे थांबवावे.

कुत्रा उठून शेपूट हलवू लागला, तरी पशुवैद्याकडे नेलेच पाहिजे. मूत्रपिंडे, यकृत आणि रक्त गोठण्याची क्रिया यांवरील दुष्परिणाम पुढील दोन-तीन दिवसांत दिसू शकतात. उज्जैनमधील पशुवैद्याचा क्रमांक निवास निश्चित करतानाच मिळवून ठेवावा. मार्गावर इंदूरच्या अलीकडे महू येथे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, हेही ध्यानात असावे.

कुत्रा बोलून तक्रार करत नाही आणि मालक चालला की त्याच्या मागे उन्हातही चालत राहतो. त्यामुळे केव्हा थांबायचे, हे त्याच्यासाठी मालकालाच ठरवावे लागते. वेळ साधता येणार नसेल आणि पाण्याची खात्री नसेल, तर त्याला घरीच ठेवून जावे.