चुंबक, पद्मिनी आणि मायलेज

गेल्या रविवारी जूचंद्रच्या घरी माळा साफ करताना एक डबी सापडली. आत लोहचुंबकाचे दोन तुकडे आणि प्लास्टिकचा पट्टा. बघताक्षणी ओळखलं... काकांचं पेट्रोल वाचवणारं यंत्र!

काकांकडे सेकंडहँड प्रीमियर पद्मिनी होती. मूळची ही फियाट ११०० डी. वालचंद हिराचंदांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९६४ पासून ती कुर्ल्यात बनवली. पद्मिनी हे नाव नंतरचं. १०८९ सीसी इंजिन, कार्ब्युरेटर आणि स्टिअरिंगजवळ गिअरचा दांडा.

मी तिसरीत असताना तिचं मायलेज एकदम पडलं. काकांनी हे चुंबक आणून पेट्रोलच्या नळीला बांधलं. "अरे, यानं पेट्रोल पूर्ण जळतं!" आता कळतं, धड चालणाऱ्या इंजिनात जवळजवळ सगळं पेट्रोल तसंही जळतंच. वाया जाते ती उष्णता. मग चुंबक वाचवणार काय, कप्पाळ?

हा धंदा तसा जुना. १९३० च्या दशकात कॅनडात चार्ल्स पोगच्या 'चमत्कारी' कार्ब्युरेटरचा गवगवा झाला. १९७३ च्या तेलसंकटानंतर तर असल्या यंत्रांचं पेवच फुटलं. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने शंभरावर यंत्रं तपासली. फायदा मोजक्याच यंत्रांत दिसला, तोही किरकोळ. आपल्याकडे १९९६ मध्ये रामर पिल्लेने झाडपाल्याचं पेट्रोल 'शोधलं'. २०१६ मध्ये चेन्नईच्या कोर्टाने त्याला तीन वर्षांची शिक्षा सुनावली.

असो. चुंबक बसवून आठवडा झाला असेल, कामणहून येताना मागच्या चाकातून जळका वास आला. गाडीत आम्ही पाच जण. मेकॅनिकने ड्रम उघडला तर ब्रेक शू चिकटलेले, व्हील सिलिंडर गळत होता. म्हणजे गाडी इतके दिवस ब्रेक दाबूनच पळत होती! "उतारावर ब्रेक गेला असता," तो म्हणाला. त्याने सिलिंडर बदलला, प्लग-पॉइंट साफ केले. मायलेज परत आलं.

काका शेवटपर्यंत श्रेय चुंबकालाच देत राहिले. एकाच रिलीजमध्ये दोन बदल केले की बग कशाने गेला ते कळत नाही, तसंच हे. विकणाऱ्यांचं तर फावतंच.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ ला निवृत्त झाली. पण जुन्या गाड्या घरोघरी आहेत. तुमच्याकडे असेल तर यंत्र घेण्याआधी टायरची हवा आणि एअर फिल्टर बघा. आणि मेकॅनिकला जॅक लावून प्रत्येक चाक हाताने फिरवून बघायला सांगा. अडकलं, तर पेट्रोलचं नंतर बघू... आधी ब्रेक!