चांद्याचा रामाळा आणि एका मुलाचा प्रश्न

सरोवरांचे नगर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उदयपूर उभे राहते. महाराणा उदयसिंहाने १५५९ मध्ये वसवलेले ते नगर, पिचोला तलाव, पाण्यातले महाल, काठावरची मंदिरे आणि बागा. गेल्या वर्षी नववीच्या वर्गात मेवाडचा इतिहास शिकवताना मी उदयपूरचे एक जुने दिनदर्शिकेवरचे चित्र भिंतीला लावले होते. धडा चांगला रंगला. तास संपता संपता मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. उटनूरकडच्या गोंड गुड्यातला हा मुलगा. घरी गोंडी, शाळेत मराठी आणि बाजारात तेलुगू बोलणारा. तो म्हणाला, "सर, आमच्या लोकांचं असं एकही शहर नव्हतं का हो?"

"होतं ना. चांदा!" मी म्हणालो. तेवढ्यात घंटा झाली आणि घंटेने मला वाचवले. कारण त्याने आणखी एक प्रश्न विचारला असता, तर इतिहासात एम. ए. झालेल्या या मुख्याध्यापकापाशी चार वाक्यांपलीकडे उत्तर नव्हते. माझी आजी चैत्रात महाकालीच्या यात्रेला बैलगाडीने चांद्याला जात असे. मीही कामानिमित्त अनेकदा गेलो होतो. पण चांदा पाहिले मात्र नव्हते.

दिवाळीच्या सुट्टीत मुद्दाम निघालो. आदिलाबादहून बेला, कोरपना, गडचांदूर, राजुरा असा हा रस्ता. बेल्यापुढे राज्य बदलते, पण मध्ये नदी नाही, डोंगर नाही; दोन्हीकडे तीच काळी जमीन आणि तोच कापूस. दुकानांवरच्या पाट्यांची लिपी बदलली म्हणजे सीमा ओलांडली असे समजायचे. यात नवल नाही. १९५६ पर्यंत राजुरा तालुका आमच्याच आदिलाबाद जिल्ह्यात होता. राज्यपुनर्रचनेत तो नांदेडला जोडला गेला आणि १९५९ मध्ये चांदा जिल्ह्यात गेला. पहिली खरी सीमा लागते ती राजुऱ्यानंतर, वर्धा नदीच्या पुलावर. अलीकडे निजामाचे राज्य, पलीकडे नागपूरकरांचे आणि पुढे इंग्रजांचे, अशी ही जुनी रेघ आहे.

पण त्याहून जुना इतिहास ही रेघ मानत नाही. चांद्याच्या गोंड राजांची पहिली गादी होती सिरपूरला. हे सिरपूर २०१६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होते, आज ते आसिफाबाद जिल्ह्यात आहे. परंपरा सांगते, की खांडक्या बल्लाळशहा त्वचारोगाने त्रस्त झाला, तेव्हा राणीच्या सल्ल्याने त्याने सिरपूर सोडले आणि वर्धेच्या उत्तर काठी बल्लारपूरचा किल्ला बांधला. पुढे शिकारीत तहानलेला राजा झरपट नदीच्या पात्रातल्या एका कुंडाचे पाणी प्याला, त्याच पाण्याने त्याची व्याधी गेली आणि तिथेच अचलेश्वराचे देवालय उभे राहिले. त्याच परिसरात एक ससा उलटून राजाच्या कुत्र्याचा पाठलाग करताना दिसला आणि ज्या वाटेने तो धावला त्या वाटेवर परकोट घालण्याचे ठरले. दंतकथा दंतकथेच्या जागी राहू द्या. परंतु नगर वसवण्याची कथा युद्धापासून नव्हे, तर पाण्यापासून सुरू होते, हे मला विशेष वाटले.

परकोटाला जटपुरा, पठाणपुरा, बिनबा आणि अंचलेश्वर अशी चार दारे आणि पाच खिडक्या आहेत. जटपुरा दारापाशी मी बराच वेळ थांबलो. रिक्षा, मोटारी, भाजीच्या गाड्या त्या कमानीखालून धावत होत्या आणि दगडात कोरलेला गोंड राजांचा सिंह हत्तीला दाबून धरून तसाच उभा होता. अकबराच्या काळी 'ऐन-ए-अकबरी'ने चांद्याच्या राजाची नोंद घेतली, ती एक हजार घोडेस्वार आणि चाळीस हजार पायदळाचा धनी म्हणून. आमच्या पाठ्यपुस्तकाने मात्र एक ओळही दिली नाही.

अचलेश्वराजवळच बीरशहाची समाधी आहे. त्याचा खून झाल्यावर राणी हिराईने ती बांधवली. महाकालीचे आजचे देऊळही तिचेच. तिने दत्तक घेतलेल्या रामशहाच्या नावाने रामाळा तलाव ओळखला जातो. ताजमहाल आपण पतीने पत्नीसाठी बांधलेला म्हणून सांगतो. पत्नीने पतीसाठी बांधलेली ही वास्तू आमच्यापासून एका दिवसाच्या वाटेवर आहे.

रामाळ्याच्या काठावर संध्याकाळी बसलो. शेजारी बाग आहे, मुले खेळत होती. जलपर्णीने आणि शहराच्या सांडपाण्याने या तलावाचे फार हाल केले. २०२१ मध्ये इको-प्रो संस्थेच्या कार्यकर्त्यांनी त्यासाठी उपोषण केले, त्यानंतर गाळ काढण्याचे काम हाती घेतले गेले. त्याआधी २०१७ पासून याच तरुणांनी परकोटावरची झाडेझुडपे काढून तो पुन्हा माणसांना चालण्याजोगा केला होता. तिथे मला हीरशहाचा नियम आठवला. जो कोणी तळे बांधील, त्या तळ्याच्या पाण्याने जेवढी जमीन भिजेल तेवढी त्याला इनाम. चांदा मुलखात गावोगाव तलाव का, याचे उत्तर या एका नियमात आहे. उदयपूरच्या तलावात महाल उभे राहिले, चांद्याच्या तलावांखाली भात उभा राहिला.

राजवाडा मात्र पाहता आला नाही. इंग्रजांच्या काळापासून तिथे तुरुंग आहे. याच तुरुंगात बाबूराव शेडमाके यांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी फाशी दिले. ज्या कुळाचा वाडा, त्याच समाजाच्या वीराला त्या वाड्यात फास.

आता जे सांगायचे आहे ते मला जड जाते. चांद्याचे राज्य इंग्रजांनी बुडवले नाही. १७५१ मध्ये ते नागपूरकर रघूजी भोसल्यांनी घेतले. शेवटचा राजा नीलकंठशहा बल्लारपूरच्या किल्ल्यात कैदेत मेला. सव्वीस वर्षे मी मराठ्यांच्या राज्यविस्ताराचा नकाशा फळ्यावर काढत आलो. नागपूरपासून खाली बाण ओढला की वर्गातली मुले खूश होत. त्या बाणाच्या टोकाखाली कुणाचे नगर होते, हे मी कधी सांगितले नाही. मागच्या बाकावरचा मुलगा त्या नकाशाकडे कोणत्या नजरेने पाहत असेल, हा विचारही मला शिवला नाही. रघूजींचा पराक्रम खोटा नाही. परंतु अर्धा इतिहास सांगणारा शिक्षक खोटे न बोलताही मुलांना फसवतो.

सुट्टीनंतर वर्गात तो नकाशा पुन्हा काढला. या वेळी आधी सिरपूर दाखवले, मग बल्लारपूर, मग चांदा. रामाळा, समाधी, तळ्यांचा नियम, सगळे सांगितले. १७५१ सुद्धा सांगितले. वर्ग नेहमीपेक्षा शांत होता. जटपुरा दारावरच्या सिंहाचे चित्र फळ्यावर काढायचा प्रयत्न केला, पण माझा सिंह मांजरासारखा दिसू लागला. मुले हसली. तेव्हा तो मुलगा उठला, माझ्या हातातला खडू घेतला आणि हत्तीसकट सिंह नीट काढून दाखवला.

"तू पाहिलास कुठे?" मी विचारले.

"महाकालीच्या जत्रेला आजोबांसोबत जातो ना, सर. तिथं दारावर आहे. पण तो आमचा आहे, हे कुणी सांगितलं नव्हतं."

उदयपूरचे चित्र अजून भिंतीवर आहे, ते काढण्याचे कारण नाही. त्याच्या शेजारी मुलांनी आता रामाळ्याचे चित्र लावले आहे. येत्या हिवाळ्यात नववीची सहल चांद्याला न्यायचे ठरले आहे आणि वाट दाखवायला पुढे कोण बसणार, हेही वर्गानेच ठरवून टाकले आहे.