सायकल कोळपे

जुन्या सायकलीच्या सुट्या भागांपासून गावच्या वेल्डिंगच्या दुकानात तयार होणारे, माणसाने ढकलायचे आंतरमशागतीचे अवजार. पुढचे चाक, चिमटा आणि हँडल सायकलीचेच ठेवतात. मागच्या चाकाच्या जागी लोखंडी पट्टी किंवा चौकोनी नळी जोडून तिला कोळप्याची पास, म्हणजे आडवे पाते, बसवतात. पट्टीला ओळीने भोके पाडली, की पास खालीवर सरकवून खोली जुळवता येते. पासेच्या जागी दाते किंवा छोटा फाळ लावण्याचीही सोय होते.

जळगाव जिल्ह्यातील शेंदुर्णीचे शेतकरी गोपाळ मल्हारी भिसे यांचे ‘कृषिराजा’ हे या प्रकारातील नावाजलेले अवजार. बैलजोडी पोसणे ज्यांना परवडत नाही, अशा अल्पभूधारकांची गरज त्यामागे होती.

पास जमिनीच्या वरच्या थरातच चालते. ती तणांची मुळे कापते आणि पृष्ठभाग भुसभुशीत करते. त्यामुळे ओल उडून जाणे कमी होते. पासेचा कोन बांधणीत सर्वांत महत्त्वाचा. तो जास्त झाला तर अवजार रुतते, कमी झाला तर नुसते घसरते. म्हणून पक्के वेल्डिंग करण्याआधी बोल्टवर कसून शेतात चालवून पाहावे.

कापूस, सोयाबीन, भुईमूग अशा ओळीत पेरलेल्या पिकांत ते उपयोगी पडते. फोकून पेरलेल्या शेतात निरुपयोगी ठरते. काळ्या जमिनीत वाफसा असतानाच चालवावे. तण कोवळे असतानाच या अवजाराचा खरा उपयोग होतो. वाढलेल्या तणाला खुरपेच लागते.