तार धरणारा खिळा

राजापेठेतलं आमचं जुनं घर पाडायला काढलं, तेव्हा भिंतींवरच्या तारा उतरवायचं काम मी माझ्याकडे घेतलं. मिस्त्री हसला. म्हणाला, "भाऊ, चहापाण्यापुरतं तांबं निघन त्यातून." मला तांबं नको होतं. या तारा इतकी वर्षं भिंतीला धरून होत्या त्या कशाच्या आधारानं, ते पाहायचं होतं. संध्याकाळपर्यंत बिस्किटांचा एक जुना डबा भरला. चिनीमातीच्या गुट्ट्या, पितळी क्लिपा, प्लास्टिकच्या खिळेवाल्या क्लिपा आणि गंजलेल्या स्टेपल पिना. आमच्या घरात वीज, टेलिफोन, केबल टीव्ही आणि इंटरनेट कसकसे आले, याचा हिशेब त्या डब्यात होता.

तारेला आधार कशाचा द्यायचा, हा प्रश्न तारेइतकाच जुना आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतले डॉक्टर विल्यम ओशॉनेसी यांनी १८३९ मध्ये कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात बांबूंवर मैलोगणती तार ताणून संदेश पाठवण्याचा प्रयोग केला. पुढे कलकत्ता ते डायमंड हार्बर लाइन टाकताना त्यांनी बारीक तारेऐवजी जाड लोखंडी सळईच वापरली. आपल्याकडची माकडं तारेवर लोंबकळणार आणि मोठे पक्षी बसणार, हे त्यांनी आधीच ओळखलं होतं. १८७० मध्ये समुद्राखालच्या तारेनं मुंबई सुएझमार्गे इंग्लंडशी जोडली गेली. त्याच वर्षी लॉर्ड मेयो यांनी खामगावच्या रेल्वे फाट्याचं उद्घाटन केलं. वऱ्हाडचा कापूस रुळांवरून आणि त्याचा भाव तारेवरून धावू लागला.

बाहेर तारेला खांब होते. घरात शिरल्यावर मात्र तिला भिंतीचाच आसरा. आमच्याकडे आधी चिनीमातीच्या गुट्ट्या होत्या. मग वडिलांनी सागवानी पट्टीची वायरिंग करून घेतली. साग मेळघाटचा, हे ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. त्या पट्टीवर आधी पितळी क्लिप बारीक चुकेनं ठोकायची, मग तिच्यावर तार ठेवून क्लिपची जीभ दुमडायची. चूक लाकडात जाते, तारेला शिवतही नाही. ते काम करणारे म्हातारे मिस्त्री मला म्हणाले होते, "वायरले धरा लागते बाबू, तिचा गळा दाबा लागत नाही." मी तेव्हा शाळेत होतो. ऐकलं आणि विसरलो.

त्याची किंमत १९९८ च्या पावसाळ्यात मोजली. नंबर लावून बरीच वर्षं वाट पाहिल्यावर घरात फोन आला होता. वडिलांना गुडघ्यांमुळे उठणं जड जाई, म्हणून त्यांच्या खोलीत जोडफोन द्यावा, असं मी ठरवलं. लाइनमनची वाट न पाहता सोफे शिवणाऱ्या एका ओळखीच्या कारागिराची स्टेपल गन आणली. माळवदाच्या तुळईवरून खटाखट पिना मारत तार नेली. दहा मिनिटांत काम झालं. दिसायलाही सुबक.

पंधरा दिवसांनी झड लागली. त्या रात्री अकोल्याला आत्याची तब्येत एकाएकी बिघडली. आतेभाऊ रात्रभर आमचा नंबर फिरवत होता आणि त्याला एंगेज टोन मिळत होता. पिनेचं एक टोक तारेच्या आवरणात घुसलं होतं, ओल धरली आणि आतल्या दोन तारा एक झाल्या. अशा वेळी एक्स्चेंजला वाटतं की रिसीव्हर उचललेला आहे. अकोल्यात सगळ्यांना वाटलं, आम्ही कुणाशी तरी बोलत बसलो आहोत. निरोप सकाळी एसटीनं आला. वडील पोचले तेव्हा आत्याचं बोलणं थांबलं होतं. वडील मला कधी काही बोलले नाहीत. मीच पुढे ती पिन उपसून काढली आणि तेव्हापासून या बारक्या वस्तूंचा नाद लागला.

सोफ्याची पिन सपाट पाठीची असते. कापड घट्ट आवळून धरणं हेच तिचं काम. तारेची पिन गोल पाठीची, कमानीसारखी. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये १९२९ साली सुरू झालेल्या अ‍ॅरो कंपनीची तारेसाठी वेगळी स्टेपल गन आहे. तिच्या तोंडाला खाच असते, त्यामुळे तार बरोबर मधोमध बसते. तिची टी-२५ ही पिन साधारण ६ मिलिमीटरपर्यंतच्या तारेला चालते. टेलिफोनची तार तिच्यात सहज बसते, पण टीव्हीची जाड केबल ७ मिलिमीटरच्या आसपास असते, ती बसत नाही. तिच्यासाठी प्लास्टिकचं खोगीर असलेली रुंद पिन घ्यावी.

अमेरिकेतली बहुतेक घरं लाकडी सांगाड्याची, म्हणून तिकडे स्टेपल गन घरोघरी पोचली. आपल्या विटा-सिमेंटच्या भिंतीत पिन वाकते, नाहीतर गिलावा सुटतो. तिथे खिळ्याची प्लास्टिक क्लिपच बरी, आणि तीही तारेच्या मापाची. वऱ्हाडच्या उन्हात बाहेरच्या भिंतीवरचं हलकं प्लास्टिक काही उन्हाळ्यांत भुरभुरतं, तिथे चार पैसे जास्त टाकावेत. घरातल्या २३० व्होल्टच्या तारेला मात्र या पिना कधीही मारू नयेत, आणि फोन-इंटरनेटची तार तिच्यापासून दूर न्यावी.

इंटरनेटची तार तर आणखी नाजूक. तिच्यात तारांच्या चार जोड्या असतात आणि प्रत्येक जोडी वेगवेगळा पीळ दिलेली असते. पिळामुळे बाहेरचा गोंगाट आपोआप कटतो, ही युक्ती अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांची, १८८१ च्या पेटंटातली. तार पिनेखाली चेपली की आतल्या जोड्यांची जागा हलते. तार तुटत नाही, दिवाही लागतो, पण वेग मंदावतो आणि आपण दोष कंपनीला देत बसतो.

नव्या घरात बहुतेक तारा भिंतीच्या पोटात, पाइपातून गेल्या. जुनी एक सागवानी तुळई मात्र मी ठेवून घेतली आणि अभ्यासिकेची तार तिच्यावरून नेली, गोल पिना मारून. प्रत्येक पिन मारल्यावर तार हलकेच ओढून पाहिली. ती पिनेखालून सरकली, तरच पुढची मारली. तुम्हीही एवढं करून पाहा. तार जागेवर राहिली पाहिजे आणि ओढली तर सरकलीही पाहिजे. म्हातारे मिस्त्री मला हेच सांगत होते.